अनेक डोळे, एक कान

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून लेझमाची मिरवणूक जाते तेव्हा तिचे चित्रीकरण आता कुणा एकाच्या हातात नसते. आजोबा गणपती याच पेठेतला. त्याचा उत्सव १८८५ पासूनचा सांगतात, म्हणजे पुण्यातल्या सार्वजनिक उत्सवाच्याही आधीचा. त्या काळी मिरवणूक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत राहत असे आणि त्याच्याबरोबर जात असे. आज एक कॅमेरा मूर्तीपुढे असतो, एक गच्चीवर, एक गर्दीत. हलगीजवळ एखादा वेगळा रेकॉर्डर ठेवलेला असतो. मोबाइल किती, ते कुणी मोजत नाही. मिरवणूक एकच निघते. फायली अनेक उरतात.

त्या सगळ्या शेवटी मिक्सिंगवाल्याच्या, म्हणजे संकलन करणाऱ्याच्या, टेबलावर येतात. तिथे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की कोणतीही दोन चित्रणे एकाच क्षणी सुरू झालेली नसतात. ज्याला ज्या क्षणी दखल घ्यावीशी वाटली, त्या क्षणी त्याने बटण दाबलेले असते. प्रसंग सगळ्यांचा, सुरुवात ज्याची त्याची.

पुष्कळशा भांडणांचे मूळ एवढेच असते. दोघेही खरे सांगत असतात. एकाने पहिल्या शब्दापासून टिपलेले असते, दुसऱ्याने उत्तरापासून.

प्रत्येक कॅमेऱ्यात घड्याळ असते. ते कधी तरी, कुणी तरी लावलेले असते. बॅटरी बरेच दिवस उतरून राहिली की ते कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर परत जाते. मग कालच्या मिरवणुकीची फाइल कित्येक वर्षांपूर्वीची तारीख शांतपणे सांगते. तिला खोटे बोलायचे नसते. तिला कुणी दुरुस्त केलेले नसते, इतकेच. माणूस स्वतःविषयी जी माहिती देतो तीही बहुधा याच जातीची असते.

मोठ्या चित्रीकरणात सर्व यंत्रांना आरंभीच एक टाइमकोड देतात. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. काम सुरू होण्याआधी सर्वांनी एक वेळ मान्य करायची, मग कुठेही उभे राहायचे. असे केले की नंतर जुळवत बसावे लागत नाही. संसारालाही हे लागू पडते. तिथेही ते नंतरच सुचते.

* * *

टाइमकोड नसला की आवाजाने जुळवतात. चित्राने जुळवता येत नाही. एका कॅमेऱ्याला मूर्तीचे मुख दिसते, दुसऱ्याला पाठ, तिसऱ्याला फक्त पुढच्या माणसाचा खांदा. ही चित्रे एकावर एक ठेवून काही सिद्ध होत नाही. पण हलगीची थाप तिघांनाही ऐकू गेलेली असते. टाइमलाइनवर आवाजाची लहर उमटते. थाप पडली तिथे सुळका वर येतो. एका ट्रॅकवरचा सुळका दुसऱ्या ट्रॅकवरच्या सुळक्याखाली आणून ठेवला की दोन फायली एका काळात येतात.

पाहणे जागेवर अवलंबून असते. ऐकणे बरेचसे सामाईक असते. एका गर्दीतल्या दोन माणसांना त्यांनी काय पाहिले हे विचारावे. उत्तरे दोन येतात. काय ऐकले हे विचारले तर निदान केव्हा ऐकले यावर एकमत होते.

सिनेमात यासाठी पाटी असते. फळी मिटताना दिसते, तिचा आवाज ऐकू येतो, आणि चित्र नि आवाज एका बिंदूला बांधले जातात. लग्नात पाटी नसते. तिथे शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट बाजूला होतो, टाळ्या पडतात, वाजंत्री उसळते. त्यातली पहिली टाळी मिक्सिंगवाल्याच्या कामाची. तिच्यावर सगळे कॅमेरे लावले जातात. ती कुणाची, हे कुणालाच ठाऊक नसते. एवढेच ठाऊक असते की पहिली टाळी वाजवणारा नेहमी जरा घाईत असतो. सगळ्यांची वेळ मग त्या अनामिक घाईवर ठरते. इतिहासातल्या काही तारखाही अशाच ठरल्या असाव्यात.

आता सॉफ्टवेअर हे काम आपले आपण करते. सोलापूरच्या एखाद्या लग्नात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एका ट्रॅकवर असतात. सॉफ्टवेअरला त्यांतली एकही येत नाही. ही लहर त्या लहरीसारखी आहे का, एवढेच ते तपासते. म्हणून ते कुणाची बाजू घेत नाही. निःपक्षपात पुष्कळदा अज्ञानातून येतो. त्याचा उपयोग होतो. त्याला समज मानू नये.

एका ठिकाणी मात्र ते हमखास फसते. हलगीचा ठेका तोच तोच परत येतो. एक आवर्तन दुसऱ्यासारखेच दिसते. सॉफ्टवेअर एका फायलीतले तिसरे आवर्तन दुसऱ्या फायलीतल्या चौथ्याखाली नेऊन ठेवते आणि काम झाल्याचे कळवते. सगळे सुळके बरोबर एकाखाली एक असतात. सगळेच चुकलेले असते. शिस्तीने चुकलेले ओळखू येत नाही.

अशा वेळी अनुभवी माणूस ठेका सोडून देतो. तो ठेक्यात न बसणारे काही तरी शोधतो. एखादे भांडे पडलेले असते. एखादे मूल रडलेले असते. कुणाच्या तरी हातातून लेझीम निसटून दगडावर आदळलेले असते. असा आवाज फायलीत एकदाच असतो. त्याची दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. मिरवणुकीचा नेमका क्षण मिरवणूक बिघडवणाऱ्या आवाजानेच सापडतो.

दिवसांचेही तसेच आहे. नेमाने गेलेली वर्षे आठवणीत एकमेकांवर सरकतात. कुठले कुठे होते ते सांगता येत नाही. ज्या दिवशी काही तरी पडले, फुटले, थांबले, त्या दिवसाची जागा पक्की असते. बाकीचे दिवस त्याच्या आधीचे किंवा नंतरचे.

* * *

इथपर्यंत आवाजावर विश्वास ठेवला. पण आवाजही वेळेवर येत नाही.

तो हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. आपल्याकडे चित्र सेकंदाला २५ फ्रेमचे. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात आवाज साडेतेरा मीटरच्या आसपास पुढे जातो. हलगीपासून पंचावन्न मीटरवरच्या गच्चीतल्या कॅमेऱ्याला थाप दिसते तेव्हा ऐकू येत नाही. ती चार फ्रेम उशिरा ऐकू येते. झूम चित्राला जवळ आणतो. आवाज जिथल्या तिथे राहतो.

आता ही गच्चीवरची फाइल हलगीजवळच्या रेकॉर्डरशी जुळवायची. सुळक्याखाली सुळका आणला की आवाज जुळतो. पण त्यासाठी फाइल चार फ्रेम मागे ओढावी लागते, आणि तिच्यातले चित्र तिच्याबरोबर ओढले जाते. हात आधी पडतो, थाप नंतर येते. चित्र जुळवले तर आवाज दोन होतात. दोन्ही एकाच वेळी खरे ठेवण्याची सोय नाही. लांबून पाहणाऱ्याला कोणते तरी एक सत्य सोडावे लागते. जाणता मिक्सिंगवाला त्या फायलीचे फक्त चित्र घेतो आणि तिचा आवाज बंद करतो. दूरच्या साक्षीदाराने काय दिसले ते सांगावे. काय म्हटले गेले ते जवळच्याला विचारावे.

माणसाचा कान या बाबतीत एका बाजूला उदार आणि दुसऱ्या बाजूला कठोर आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची एक शिफारस आहे. तिच्यानुसार चित्रामागे आवाज १२५ मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळला तरी पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. आवाज चित्राच्या पुढे गेला तर मात्र ४५ मिलिसेकंदांतच खटकू लागते. कारण सरळ आहे. निसर्गात आवाज उशिराच येतो. वीज आधी, गडगडाट नंतर. परटाचा हात आधी खाली येतो, आपटल्याचा आवाज मग. उशिराची सवय लाखो वर्षांची आहे. घटना होण्याआधी तिचा आवाज ऐकायची सवय नाही.

म्हणून उशिरा बोलणाऱ्याला लोक क्षमा करतात. घडण्याआधी बोललेला माणूस बरोबर ठरला तरी त्यांच्या मनातून उतरतो.

लेझमाच्या रांगेत हाच हिशेब माणसांच्या अंगात उतरलेला असतो. हलगी पुढे असते. तिच्यापासून चौतीस मीटर मागच्या रांगेला थाप एक दशांश सेकंद उशिरा मिळते. कानावर विसंबून खेळणारी शेवटची रांग त्यामुळे कायम मागे पडेल. शेजाऱ्याकडे पाहून हात उचलणारा त्याच्याहून मागे पडेल. तरबेज खेळाडू दोन्ही करत नाही. थाप पडायची वाट तो पाहतच नाही. ती कधी पडणार, हे त्याला माहीत असते. अनुकरण नेहमी उशिरा पोचते. जे बरोबर चालतात त्यांनी एकमेकांना आधीच ओळखलेले असते.

* * *

चित्र आणि आवाज एकाच वेळी जन्मले तरी एका जागी राहत नाहीत. हे जुन्या सिनेमावाल्यांना ठाऊक होते. सोलापुरातल्या भागवत चित्रमंदिरासारख्या थिएटरांत ३५ मिलिमीटरची फीत चाले तेव्हा एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी छापलेला नसे. तो त्याच्यापासून सुमारे वीस चौकटी पुढे असे. प्रोजेक्टरच्या खिडकीत प्रत्येक चित्राला क्षणभर थांबावे लागते. थांबल्याशिवाय ते दिसत नाही. आवाजाला थांबता येत नाही; थांबला की तो उरत नाही. म्हणून खिडकी वेगळी आणि आवाज वाचणारा दिवा वेगळा. मध्ये फितीचा एक सैल वळसा. ऑपरेटरने तो वळसा कमी-जास्त ठेवला की पडद्यावरचे ओठ आधी हलत किंवा मागाहून. प्रेक्षक शिट्ट्या मारत.

फीत हातात धरून पाहिली तर चित्र आणि त्याचा आवाज वीस चौकटींनी दुरावलेले दिसत. फीत चालू असतानाच ते एका क्षणी पडत. काही माणसांचे सख्य असेच असते. थांबवून तपासले तर दोघांत अंतर सापडते. चालू असेतो कुणाला दिसत नाही.

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याचे चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी टिपले होते. स्टुडिओजवळून रेल्वे जात असे, म्हणून काम रात्री चाले. नको तो आवाज नंतर काढता येत नव्हता. नंतर काढता येत नाही म्हटल्यावर माणसे आधी गप्प राहायला शिकतात.

त्याच्या दोन महिने आधी, १२ जानेवारी १९३१ रोजी, सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये शहरात गोळीबार झाला, जमाव उसळला, दोन पोलिसांचा जीव गेला, लष्करी कायदा आला. मग खटला उभा राहिला. त्या दिवसाचा आवाज कुणी टिपलेला नव्हता. साक्षी होत्या. प्रत्येक साक्षीची सुरुवात वेगळी, जागा वेगळी, घड्याळ वेगळे. त्यांना एका काळात बसवणारी सामाईक थाप नव्हती. तरी त्या बसवल्या गेल्या. ज्याच्या हातात निकाल असतो त्याला जुळणी करण्यासाठी आवाज लागत नाही.

त्या चार नावांमध्ये शहरातले बरेच धर्म आणि जाती आल्या. तेवढे जुळवून कुणी आणलेले नव्हते.

* * *

दोन यंत्रे एका क्षणी सुरू केली आणि सुळक्याखाली सुळका बसवला, तरी काम संपत नाही. रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० नमुने घेतो. कॅमेराही तितकेच घेतो. दोघांच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो आपल्या गतीने कंप पावतो. दोन स्फटिकांत दहा लाखांत वीसचा फरक असला तर तासाभरात ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. जवळजवळ दोन फ्रेम. तीन तासांच्या सोहळ्यात पाच. आरंभी ओठांवर असलेला शब्द शेवटी ओठांवर राहत नाही.

यात कुणाचा दोष नसतो. दोन्ही घड्याळे प्रामाणिक असतात. कुणीही थांबलेले नसते, धावलेले नसते. एकाच क्षणी निघून, एकाच गतीने चालल्याच्या समजुतीत, दोघे दूर जातात. लांब चाललेल्या नात्यांत भांडण सापडले नाही की लोक कारण शोधत बसतात. बहुधा कारण नसते. तास फार झालेले असतात.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. मधूनमधून, बोलणे थांबलेले असते अशा जागी, कट देऊन पुन्हा जुळवायचे. शब्दावर कट दिला तर ऐकू येतो. शांततेत दिला तर कुणाला कळत नाही. जुळवून घेणारी माणसे ही जागा ओळखतात. ती वाद रंगात असताना सरकत नाहीत.

घड्याळे जुळली तरी जागा जुळत नाहीत. १५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. विमानांच्या वाटेत ती येत होती. शहरात त्यावरून बरीच वर्षे दोन बाजू होत्या. पडण्याचा क्षण गच्च्यागच्च्यांवरून मोबाइलमध्ये टिपला गेला. किलोमीटरभर अंतरावर आवाज तीन सेकंद उशिरा पोचतो, तेव्हा लांबच्या चित्रणात चिमणी निःशब्दच कलते. काहींच्या पडद्यावर ती डावीकडे पडते, काहींच्या उजवीकडे. उभे राहण्याच्या जागेने दिशा ठरते.

अशा चित्रणांत सर्वांत आधी आणि सर्वांत मोठा ऐकू येतो तो मोबाइल धरणाऱ्याचा स्वतःचा आवाज. घटनेचा आवाज मागाहून आणि बारीक येतो. यंत्राचा यात काही अपराध नाही. माइक ज्याच्या तोंडाजवळ असतो त्याचेच तो आधी ऐकतो. प्रत्येकाने शहराचा इतिहास टिपला, आणि प्रत्येकाच्या फायलीत तो स्वतःच्या उद्गाराने झाकला गेला.

एकच शब्द हजारोंना ऐकवायचा प्रसंगही याच शहरात येतो. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. सात नंदीध्वज येतात, संमतीचे वाचन होते, हजारो हात एकदम वर जातात. एवढ्या गर्दीला मूळ आवाज पुरत नाही, कर्णे लागतात. तारेतून आवाज तत्क्षणी पोचतो, हवेतून रमतगमत येतो. दूर उभ्या असलेल्याला शेजारचा कर्णा आधी ऐकू येतो आणि कट्ट्याकडचा आवाज त्यामागून. एकाच शब्दाचे दोन होतात. मोठ्या सभांची ध्वनियोजना करणारे म्हणून दूरच्या कर्ण्याला मुद्दाम उशीर लावतात. मूळ आवाज चालत चालत तिथवर आला की मग त्याने बोलायचे.

ज्याला बातमी आधी कळते त्याने ती कधी उच्चारावी, हा विवेक माणसात दुर्मीळ आहे. कर्ण्याला तो एका आकड्याने शिकवता येतो.

* * *

जुळणी झाली की कापाकापी सुरू होते. चार कॅमेरे, एक पडदा. दर क्षणी एक दिसतो, तीन वगळले जातात. तीन तासांच्या लग्नात वगळलेले नऊ तास असतात. त्या नऊ तासांतही लग्न झालेलेच असते.

चित्र कितीही तोडले तरी पाहणारा तक्रार करत नाही. समोरून, बाजूने, वरून, पुन्हा समोरून. डोळा दिवसभर मिटत-उघडत असतो. तुटक पाहण्याची त्याला सवय आहे. कान झोपेतही चालू असतो. प्रत्येक चित्राबरोबर त्याच्याच कॅमेऱ्याचा आवाज लावला, तर हलगी क्षणात कानाशी वाजते, क्षणात गल्लीपलीकडे. पाहणाऱ्याला काय झाले ते सांगता येत नाही. फीत बिघडली आहे, एवढे तो ओळखतो. म्हणून खाली एक आवाज अखंड सोडतात आणि वर चित्रे बदलत राहतात. चारही डोळ्यांना मग एकच प्रसंग दिसतो.

माणसांच्या बाबतीत हा नियम तंतोतंत खरा आहे. पुढाऱ्याने बाजू बदलली तर लोक विसरतात. सूर बदलला तर ओळखतात. घरातही दृष्टिकोन हवे तितके चालतात. खालचा एक आवाज सलग असला की झाले.

वगळण्याचे काम करणाऱ्याला लवकरच एक गोष्ट कळते. तयार फीत पाहणारे कुटुंब लग्न पाहत नसते. आपण त्यात कुठे आहोत, हे प्रत्येक जण पाहत असतो. ज्याला आपण दिसलो नाही त्याच्या मते चित्रीकरण नीट झालेले नसते. त्याचे म्हणणे चूक नाही. तो तिथे होता.

काही माणसे चारही कॅमेऱ्यांतून निसटतात. ती स्वयंपाकाकडे असतात, कोठीच्या चाव्या घेऊन असतात, दाराशी येणाऱ्याला पाणी देत असतात. त्यांचे चित्र नसते. आवाज मात्र कुठल्या तरी ट्रॅकवर मागे राहिलेला असतो: कुणाला तरी हाक, ताट मांडल्याची विचारणा, एखादा खोकला. वर्षांनी कुणी तो ट्रॅक उघडतो. खोकला ऐकू येतो. तो कुणाचा, हे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात.

गुरुजींना कॉलर माइक लावलेला असतो. तो मंत्र ऐकतो आणि मंत्रांच्या मधलेही ऐकतो. पुढच्या मुहूर्ताची चौकशी, दक्षिणेचा अंदाज, तूप कमी पडल्याची कुरकुर. मिक्सिंगवाला तेवढा भाग म्यूट करतो. म्यूट केलेले पुसले जात नाही. पडद्यावर लहर तशीच दिसत राहते, फक्त वाजत नाही. घराघरांत न बोलायचे ठरलेले विषय याच अवस्थेत असतात. सगळ्यांना लहर दिसत असते. नवीन आलेली सून तेवढी विचारते, आणि मग तीही विचारायचे थांबते.

* * *

सर्व फायली जुळवायच्या तर त्यांतल्या एकीला आधार मानावे लागते. बाकीच्या तिच्यावर लावतात. तिची स्वतःची वेळ बरोबर होती का, हे कुणी विचारत नाही. तिच्यापेक्षा बाकीच्या पुढे-मागे आहेत, एवढेच मग उरते. बरोबर असणे आणि आधार मानले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाज त्यांत सहसा फरक करत नाही.

आधार कोणाला मानावे, यात नवखा माणूस चुकतो. तो सर्वांत मोठा आवाज घेतो. पण फार मोठ्या आवाजाचे सुळके वरून छाटले जातात. लहर सपाट होते, आणि सपाट लहरीत थाप सापडत नाही. ओरडणाऱ्याला आधार मानता येत नाही, ते केवळ याच कारणाने.

मग तो सर्वांत चांगल्या कॅमेऱ्याची फाइल घेतो. पण चांगला कॅमेरा मध्येच थांबतो. बॅटरी बदलते, कार्ड भरते, फाइल ४ जीबीला तुटते. फोटोचे कित्येक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांना चित्रण बंद करत, कारण त्याहून अधिक चालणाऱ्यावर युरोपात जादा जकात बसे. सोलापूरच्या मांडवातली सप्तपदी दूरच्या खंडातल्या कराने अर्ध्यावर तुटे आणि मांडवात कुणाला त्याचा पत्ता नसे. आपल्या घरातल्या तुटण्याची कारणेही कित्येकदा इतक्या लांबची असतात.

शेवटी आधार मानतात तो कोपऱ्यातला रेकॉर्डर. त्याचा आवाज सर्वांत गोड नसतो, सर्वांत जवळचाही नसतो. त्याच्याकडे चित्र नसते. त्याची एकच पात्रता असते: पहिल्यापासून शेवटपर्यंत तो थांबलेला नसतो. ज्यांनी मध्ये कॅमेरे बंद केले, जागा बदलल्या, उशिरा सुरू केले, ते सगळे त्याच्यामुळे आपापल्या जागी बसतात. तयार फितीत तो कुठेही दिसत नाही. पुष्कळदा त्याचा आवाजही अखेरच्या मिश्रणात घेतला जात नाही. जुळणी झाली की त्याचे काम संपलेले असते.

प्रत्येक जुन्या घरात असे एखादे माणूस असते. ते मोठ्याने बोलत नाही, फारसे देखणे नसते, प्रसंगात पुढे येत नाही. भावंडे त्याच्याकडून एकमेकांची खबर घेतात, सण त्याच्या हिशेबाने ठरतात, जुन्या भांडणातले आधी काय नि नंतर काय ते त्यालाच ठाऊक असते. सगळ्यांना वाटते, आमचे आपसात छान जुळते.

ते माणूस गेल्यावर पहिल्या दिवाळीला समजते की बाकीच्यांचे आपसात कधीच जुळलेले नव्हते. प्रत्येकाचे त्याच्याशी जुळलेले होते.